वजनाच्या ऑपरेशननंतर येणारी उदासी आणि धडधड: आधी महिना बघा, मग उपाय

स्लीव्ह (जठराचा बराचसा भाग कापून काढणं) असो, बायपास (हृदयाचा नव्हे; जठर लहान करून आतड्याचा काही भाग वाटेतून वगळणं) असो की मिनी बायपास, वजनाच्या ऑपरेशननंतर माणूस मनाने खचला तर पहिल्यांदा विचारायचं ते हे: ऑपरेशन होऊन किती महिने झाले? दुसऱ्या आठवड्यातलं रडू, चौथ्या महिन्यातली मरगळ आणि अडीच वर्षांनी आलेलं "आता कशातच अर्थ नाही" हे वरून सारखंच दिसतं, पण तिन्हींची मुळं निराळी आहेत. एकाला वेळ आणि सोबत पुरते, दुसऱ्याला रक्ताची तपासणी लागते, तिसऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाशिवाय गत्यंतर नसतं. घरात मात्र तिघांनाही एकच ऐकावं लागतं: "एवढं वजन उतरलं, आता रडायला काय झालं?"

या ऑपरेशनला येणाऱ्यांत नैराश्य आधीपासूनच बरंच असतं. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार सुमारे १९ टक्के जणांना नैराश्य आणि १७ टक्के जणांना ताबा सुटून खाण्याचा आजार होता. ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात सरासरी काढली तर नैराश्य कमीच होतं, आणि म्हणूनच सगळे निर्धास्त होतात. पुढच्या दोन वर्षांत काही जणांचा हा फायदा ओसरतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांची ऑपरेशनच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं ताडून पाहिली, तेव्हा स्वतःला इजा केल्यामुळे तातडीच्या विभागात येण्याचं प्रमाण ऑपरेशननंतर सुमारे दीडपट झालेलं दिसलं. यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या होत्या आणि बहुतेकांना मानसिक आजाराचं निदान आधीच झालेलं होतं. आकडा हजारी मोजकाच आहे, घाबरून जाण्यासारखा नाही. पण नेमकं याच काळात सर्जनकडचं जाणं थांबलेलं असतं आणि घरच्यांनी विचारणं सोडलेलं असतं.

पहिले सहा आठवडे

या काळात रडू येणं, चिडचिड, "कशाला केलं हे ऑपरेशन" असा पश्चात्ताप हे फार जणांना होतं. भूल, वेदना, अपुरी झोप, पातळ आहार आणि दिवसाला जेमतेम ५००-७०० कॅलरी, एवढ्यावर कुणाचंही मन ताळ्यावर राहणार नाही. त्यातून वर्षानुवर्षं ताण आला की खायचं ही सवय एका दिवसात बंद झालेली असते. खाणं गेलं, ताण तिथेच राहिला.

इथे करायच्या गोष्टी साध्या आहेत. दिवसाला दीड ते दोन लिटर पातळ पदार्थ घोट घोट, शक्यतो मोजून: अर्ध्या लिटरच्या तीन-चार बाटल्या सकाळीच भरून ठेवा, म्हणजे संध्याकाळी किती उरलंय ते दिसतं. पाणी कमी पडलं की चक्कर, डोकेदुखी आणि अस्वस्थपणा येतो आणि तो मनाचा आजार समजला जातो. दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं घरातल्या घरात चालणं. स्वयंपाक आणि फोडणीचा वास काही दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला. रोज एका माणसाशी दहा मिनिटं बोलणं, आणि त्या बोलण्यात वजनाचा विषय काढायचा नाही.

एका गोष्टीत मात्र थोडीही ढिलाई नको. पहिल्या महिन्यात छातीत धडधड, दम लागणं, घाबरल्यासारखं होणं याला "टेन्शन घेतलंय" म्हणायचं नाही. बसल्या जागी नाडी मिनिटाला १२०च्या वर सतत राहिली, ताप आला, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखू लागलं, एक पाय सुजला किंवा दम लागला, तर टाक्यांतून गळती किंवा फुप्फुसात गुठळी ही शक्यता आधी खोडायची असते. अशा वेळी सकाळची वाट न बघता ऑपरेशन झालेलं हॉस्पिटल गाठा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच्या रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास जात असेल, किंवा आधीपासून नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर सहा आठवडे थांबत बसू नका.

उलट्या आणि ग्लुकोजची बाटली

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाची गोष्ट वेगळी. शरीरात ब१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. उलट्या आणि उपासमारीत तो संपतो. आधी चिडचिड, निरुत्साह, विसराळूपणा, आणि मग डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं. हा मेंदूचा आजार आहे, तासातासाने वाढतो आणि उशीर झाला तर कायमचा विसराळूपणा मागे ठेवतो.

यात आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे जवळच्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय" म्हणून लावलेली ग्लुकोजची बाटली. थायमिन नसताना शिरेतून ग्लुकोज गेलं की उरलंसुरलं थायमिनही ते पचवण्यात खर्च होतं आणि प्रकृती झपाट्याने बिघडते. म्हणून सलाइन लावण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगायचं: "वजनाचं ऑपरेशन झालंय, इतके दिवस उलट्या होतायत, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या." हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावं, कारण रुग्ण तेव्हा बोलण्याच्या अवस्थेत असेलच असं नाही. दोन दिवसांहून जास्त उलट्या झाल्या तर सर्जनला फोन झालाच पाहिजे.

तिसऱ्या महिन्यापासून: आधी रक्त तपासा

थकवा, कशात लक्ष न लागणं, झोप बिघडणं, चिडचिड, हातापायांना मुंग्या. नैराश्यात हे सगळं होतं, तसंच ते लोह, ब१२, ड जीवनसत्त्व किंवा थायरॉइड बिघडल्यानेही होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, त्यामुळे तपासणी आणि समुपदेशन बरोबरीने सुरू करा. एकाचा निकाल येईपर्यंत दुसरं अडवून ठेवू नका.

तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि नंतर दरवर्षी करायच्या चाचण्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), ब१२, फोलेट (ब९ जीवनसत्त्व), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), सोडियम-पोटॅशियम, मॅग्नेशियम, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर). रिपोर्टवर लाल अक्षर नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरू नका. ब१२ दोनशे ते तीनशेच्या दरम्यान असेल तर लॅब ते नॉर्मल छापते, पण लक्षणं असतील तर हा आकडा पुरेसा नाही. शाकाहारी घरांत हे विशेष लक्षात ठेवा. फोलेटच्या गोळ्यांनी रक्ताचं चित्र सुधारतं आणि ब१२ची कमतरता झाकली जाते, मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहतं.

गोळ्या घेऊनही आकडे सुधारत नसतील तर बहुतेक वेळा वेळापत्रक चुकलेलं असतं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतले तर दोन्ही वाया जातात, त्यांच्यात किमान दोन तास हवेत. कॅल्शियम एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, त्यामुळे १,२००-१,५०० मिलिग्रॅम हे दोन-तीन भागांत घ्यावं लागतं. थायरॉइडची गोळी या दोघांपासून चार तास दूर. हे सगळं बसवायचं तर एक दिवस असा जातो:

सकाळी ६ वाजता थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. साडेदहाला कॅल्शियम सायट्रेट. दुपारी १ वाजता जेवणाबरोबर मल्टीव्हिटॅमिन आणि लोह, वर लिंबू पिळलेली कोशिंबीर चालेल, पण आधी-नंतर तासभर चहा नाही. संध्याकाळी ५ वाजता पुन्हा कॅल्शियम, आणि तिसरा भाग रात्रीच्या जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी नसेल तर मल्टीव्हिटॅमिन नाश्त्याला आणा. कॅल्शियमच्या पाकिटामागचं लेबल वाचून घ्या. बाजारातल्या बऱ्याच गोळ्या कार्बोनेटच्या असतात आणि आम्ल कमी झालेल्या पोटात सायट्रेट जास्त भरवशाचं.

प्रमाणं साधारण अशी: लोह मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांना ४५-६० मिलिग्रॅम, पुरुषांना १८, ड जीवनसत्त्व रोज ३,००० युनिट, पातळी तीसच्या वर जाईपर्यंत, ब१२ रोज ३५०-१,००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १,००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, थायमिन किमान १२ मिलिग्रॅम. तुमचा डोस तुमच्या रिपोर्टवर ठरेल, हे आकडे आपण कुठे आहोत ते ताडून पाहण्यासाठी.

प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम. वरण-भातावर हे होत नाही. शंभर ग्रॅम पनीर १८ ग्रॅम, एक अंडं ६, वाटीभर मटकीची उसळ ७-८, व्हे प्रोटीनचा एक चमचा (डब्यातला मापाचा) २० ते २५. जेवताना प्रथिनाचा पदार्थ आधी, भाजी नंतर, पोळीचा तुकडा शेवटी.

केस गळणं याच सुमारास, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, सुरू होतं. फणीत केसांचा पुंजका दिसला की आधीच खचलेलं मन आणखी खचतं. झपाट्याने वजन उतरल्याचा तो परिणाम आहे. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर बहुधा वर्षाच्या आत केस परत येतात. नऊ-दहा महिन्यांनीही गळतच असतील तर फेरिटिन पुन्हा तपासा.

धडधड: भीतीचा झटका, डम्पिंग की साखर उतरली?

हे तिघे सारखेच दिसतात: घाम, थरथर, धडधड, आता काहीतरी होणार अशी भीती. फरक ओळखायला घड्याळ आणि शुगर तपासायचं मशीन पुरतं. झटका येताच वेळ लिहा, शेवटचं काय आणि कधी खाल्लं ते लिहा, नाडी मोजा आणि बोटाला टोचून साखर बघा.

खाल्ल्यापासून दहा मिनिटं ते तासाभरात, पोटात मुरडा, गुडगुड, कधी जुलाब, आणि पाठोपाठ गळून गेल्यासारखं: हे डम्पिंग. गोड किंवा पिठूळ पदार्थ आतड्यात झपकन उतरल्याने होतं. आडवं व्हा, अर्ध्या-एक तासात उतरतं. शिरा, श्रीखंड, उसाचा रस हे नेहमीचे गुन्हेगार. साबुदाण्याची खिचडी लोक उपासाची म्हणून हलकी समजतात, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. चतुर्थीला दर वेळी "पॅनिक" होणाऱ्या माणसाने आधी ताटात काय होतं ते बघावं.

खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी, बहुधा ऑपरेशनला वर्ष उलटल्यावर आणि बायपासवाल्यांत जास्त, साखर उतरते. मशीनवर ७०च्या खाली आकडा आला तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि वर आली की पनीरचा तुकडा किंवा उकडलेलं अंडं खा. घाबरून लाडू, पेढे, सरबत असं सगळं एकदम घेतलं तर साखर उसळते, इन्सुलिन उसळतं आणि दोन तासांनी तेच पुन्हा होतं. ५४च्या खाली गेली किंवा भान हरपलं तर डॉक्टर लगेच. मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच डोसात चालू राहिली असेल तर कारण तिथेच सापडतं. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच: वजन उतरलं, डोस उतरला नाही, की उठता-बसता अंधारी येते.

खाण्याशी वेळेचा काही मेळ नाही, साखर ८०-११०च्या आसपास, दहा मिनिटांत भीती शिगेला आणि अर्ध्या तासात ओसरलेली: हा भीतीचा झटका असण्याची शक्यता जास्त. त्या वेळी चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. तोंडाला पिशवी लावून श्वास घ्यायचा जुना प्रकार करू नका. झटका आला त्या जागेतून पळून जाऊ नका. बस, लिफ्ट, लग्नाचा हॉल सोडून निघालात की पुढच्या वेळी तिथे जायलाच भीती वाटते. दोन आठवड्यांची नोंद डॉक्टरांसमोर ठेवली तर निदान पाच मिनिटांत होतं. पहिल्यांदाच धडधड होत असेल आणि वय चाळिशीपुढचं असेल तर ईसीजी करून घ्या.

आधीपासून चालू असलेल्या मनाच्या गोळ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ऑपरेशननंतर "किती गोळ्या, आता यातल्या काही बंद करू" म्हणून पहिली सुटते ती नैराश्याची. अचानक बंद केली की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, रडू, चिडचिड सुरू होते. गोळी बंद करायचीच असेल तर आठवड्या-आठवड्याने कमी करत, आणि पहिल्या वर्षात शक्यतो नाहीच.

दुसरं, गोळी तीच आणि डोस तोच असला तरी शरीरात पोचणारं औषध कमी होऊ शकतं. बायपासनंतर सर्ट्रालिन, ड्युलॉक्सेटिन यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटलेलं आढळलं आहे. दोन-तीन आठवड्यांत जुनी लक्षणं परत येऊ लागली तर "ऑपरेशनचा ताण" म्हणून सोडू नका, डोसचा विचार लागेल. स्ट्रिपवर नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर किंवा एक्सएल असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे. बायपासनंतर तिला विरघळायला लागणारं आतडं वाटेतून वगळलेलं असतं. ऑपरेशनच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञाकडून साध्या प्रकारात बदलून घ्या, आणि अशी गोळी कुटून मुळीच खाऊ नका, पूर्ण दिवसाचा डोस एकदम सुटतो.

लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांनी ऑपरेशनच्या आधी आणि नंतरचे पहिले काही आठवडे रक्तातली पातळी वारंवार तपासलीच पाहिजे. पाणी कमी पडलं की पातळी चढते आणि हाताला कंप, जुलाब, अडखळती चाल ही विषबाधेची चिन्हं दिसतात.

नव्याने औषध सुरू करताना वजन वाढवणारी औषधं कोणती ते विचारा: मिर्टाझापिन, पॅरॉक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन ही त्यातली. पर्याय बहुधा असतो. पण वजन वाढेल या धास्तीने औषधच न घेणं हा वाईट सौदा आहे, कारण उपचार न झालेल्या नैराश्यात खाणं, चालणं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या तिन्ही सुटतात. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थपणा थोडा वाढू शकतो, तो सांगून ठेवला नाही की लोक चौथ्या दिवशी गोळी फेकून देतात. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायचं असतं. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर ही वेदनाशामकं तशीही वर्ज्य आहेत. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि "झोप लागत नाही" म्हणून मिळालेली अल्प्राझोलामची चिठ्ठी दर महिन्याला भरून आणू नका, ती सवय लागते.

दीड वर्षानंतर

वजनाचा काटा थांबतो. टाळ्या थांबतात. कपाटात जुने कपडे नाहीत, अंगावर लोंबती त्वचा आहे, काट्यावर दोन-तीन किलो परत आलेत. लग्न जमेल, नोकरीत बढती मिळेल, नवरा नीट वागेल, अशा ज्या गोष्टी वजनाच्या खात्यावर टाकल्या होत्या, त्या अजून तिथेच आहेत. ताण आल्यावर पूर्वीसारखं पोटभर खाता येत नाही, मग दिवसभर थोडं थोडं चरणं सुरू होतं: चिवडा, बाकरवडी, आइस्क्रीम. लहान पोटातूनही हे सहज उतरतं. काहींचं दारूवर जातं. बायपासनंतर दारू रक्तात फार लवकर आणि फार जास्त चढते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दारूच्या आजाराचं प्रमाण ऑपरेशनच्या आधी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं; पहिल्या वर्षी काहीच वाढ नव्हती. म्हणून "पूर्वी तीन पेग पचायचे" हा हिशेब विसरायचा. पहिलं वर्ष अजिबात नाही, आणि पुढेही नाही म्हणता आलं तर उत्तम.

या काळासाठी तारखा आत्ताच ठरवा: अठरावा, चोविसावा, तिसावा, छत्तिसावा महिना. त्या त्या दिवशी पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या दोन प्रश्नावल्या भरा. पहिलीत नऊ प्रश्न आणि २७ गुण, दुसरीत सात प्रश्न आणि २१. कोणत्याही एकीत १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांची वेळ घ्या, पहिलीत २० च्या वर गेले तर त्याच आठवड्यात. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत भूक आणि थकव्याच्या प्रश्नांमुळे गुण उगाच फुगतात, तेव्हा "मन उदास" आणि "कशात रस नाही" या पहिल्या दोन उत्तरांना जास्त महत्त्व द्या. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण बेरीज बघू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला.

समुपदेशन साधारण आठ ते बारा बैठकांचं असतं. सुरू होईपर्यंत घरी करता येईल असं: रोज रात्री उद्याची तीन कामं लिहा, प्रत्येक पंधरा मिनिटांत होणारं. एक अंग हलवणारं, एक माणसात नेणारं, एक नुसतं आवडीचं. मन होवो न होवो, ठरल्या वेळी करायचं. इच्छा कामाच्या पाठीमागून येते, तिची वाट बघत बसलं तर दिवस जातो. वजन आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. रोज काटा बघणाऱ्याला पाणी साचल्याचे पाचशे ग्रॅमही रडवतात. आणि ऑपरेशन झालेल्यांच्या ग्रुपवरचे आधी-नंतरचे फोटो काही दिवस बंद केले तर नुकसान काही नाही.

लग्नघर, सासर आणि "खा गं एवढंच"

ऑपरेशन लपवलेल्या माणसाची चिंता पंगतीत दुप्पट होते. "डाएट केलं" सांगितलेलं असतं आणि समोर जिलबी आग्रहाने वाढली जाते. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही, पण एक ठरलेलं वाक्य हवं: "पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी थोडंच खायला सांगितलंय." आग्रह करणाऱ्या मावशी या वाक्यापुढे सहसा जात नाहीत. ताटाऐवजी छोटी डिश घ्या, त्यात पनीर किंवा उसळ दोन चमचे, काकडीचे दोन काप, आणि वीस मिनिटं चघळत बसा. वाढायला आलेल्याला डिश रिकामी दिसली नाही की पुढचा प्रश्न येत नाही. जेवणाच्या आधी-नंतर अर्धा तास पाणी नाही, म्हणजे मठ्ठ्याचा ग्लासही तेवढा वेळ बाजूला. एक माणूस तरी खरं जाणणारा बरोबर असावा, घास अडकला तर बाहेर घेऊन जाणारा.

"किती उतरलं?" हा प्रश्न घरच्यांनी बंद करावा. त्याऐवजी "आज झोप लागली का?", "चालायला जायचं का?" "बारीक झालीस, आजारी वाटतेस" हेही नको. नवरा-बायकोत या काळात ताण वाढतो; कौतुक नव्याने मिळू लागलेल्या जोडीदाराबद्दल दुसऱ्याच्या मनात धास्ती असते आणि ती टोमण्यांतून निघते. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे एकदा जाऊन यावं. मूल हवं असेल तर ऑपरेशनपासून बारा ते अठरा महिने थांबायचं आहे, हे सासरच्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं.

मरणाचे विचार आले तर

घरच्यांनी सरळ विचारावं: "जगू नये असं वाटतंय का?" विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही, उलट ओझं उतरतं. सामान देऊन टाकणं, निरोपासारखं बोलणं, अचानक दारू वाढणं, किंवा फार अस्वस्थतेनंतर एकदम शांत होणं ही लगेच हलायची चिन्हं. माणसाला एकटं ठेवू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या एकाच व्यक्तीच्या ताब्यात, रोज त्या दिवसापुरत्याच बाहेर. शेतावरची फवारणीची औषधं घराबाहेर कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.

टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही बोलते. जिवाला तत्काळ धोका असेल तर ११२ किंवा १०८. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था इथे मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि बऱ्याच जिल्हा रुग्णालयांतही. पोलिस केसच्या भीतीने लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजारासारखाच द्यावा लागतो, त्यामुळे दाखल व्हावं लागलं तर पॉलिसी काढून बघा.

डॉक्टरांकडे नेण्याचा कागद

मानसोपचारतज्ज्ञाला पोटातली नवी रचना माहीत असेलच असं नाही, आणि सर्जनला तुमच्या मनाचा जुना इतिहास. दोघांमधला दुवा तुम्हीच. एका पानावर लिहा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कोणत्या सर्जनने, तेव्हाचं वजन आणि आजचं, चालू औषधं, डोस आणि वेळा, शेवटचे रक्ताचे आकडे तारखेसह, उलट्या, डम्पिंग, साखर उतरल्याच्या नोंदी, दारू किती, आधी कधी नैराश्य, औषधं किंवा स्वतःला इजा, पीएचक्यू-९ आणि जीएडी-७चे गुण. खाली तळाला मोठ्या अक्षरांत: "आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. हळू विरघळणारी गोळी नको. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन." एक प्रत पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर, आणि फोटो काढून बरोबर राहणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये.